खालच्या दातांमागची तार

आधी जिभेला कळलं. रात्री दिवा मालवून पडले होते, झोप यायची होती, आणि जीभ सवयीनं खालच्या पटाशीच्या दातांमागून फिरली तर डाव्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं. अगदी केसाएवढं. पुन्हा जीभ नेली, पुन्हा टोचलं. उठून दिवा लावला, आरशासमोर तोंड वासून उभी राहिले, पण तिथलं आरशात काही दिसत नाही. ती जागा फक्त जिभेच्या ओळखीची. तिथं पंचवीस वर्षं एक बारीक तार चिकटवलेली होती, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, सहा दातांच्या पाठीला. ती आहे हेच मी विसरून गेले होते. आता तिचं एक टोक सुटलं होतं, आणि ती बसवणाऱ्या डॉक्टरांना जाऊन अकरा दिवस झाले होते.

मी त्यांना भेटायला गेले नव्हते. शेवटच्या चार वर्षांत एकदाही नाही.

दोन दिवसांनी इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत, हात हलका आहे. छोटा आरसा तोंडात घातला आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ही कुणी बसवलीय?" मी सांगितलं. म्हणाल्या, "हातानं पिळलेली तार आहे ही. तीन बारीक तारा एकत्र पिळल्यात. आता आम्ही तयार आणतो. पण ही झिजलीय, एक पदर तुटलाय. काढून नवी बसवू, फार वेळ लागणार नाही." मी हो म्हणायला हवं होतं. कामावर अर्धा दिवसाची रजा टाकून आले होते, काम सोपं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आज नको. थोडे दिवस थांबू या." त्यांनी नवल करत माझ्याकडे पाहिलं, टोचणारं टोक कापून घासून गुळगुळीत केलं आणि म्हणाल्या, "फार थांबू नका हं. सुटलेला दात लगेच आपल्या वाटेनं निघतो." जिना उतरताना ते वाक्य डोक्यातून जाईना. हेच वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, दुसऱ्या आवाजात.

मी बारा वर्षांची असताना माझे वरचे दोन दात ओठ मिटले तरी बाहेर राहायचे, आणि खालचे गर्दीत उभे असल्यासारखे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले होते. हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली होती. वर्गाच्या फोटोत मी नेहमी ओठ घट्ट मिटलेली, रागावल्यासारखी दिसते. आईनं एक दिवस बोट धरून त्या जिन्यावर नेलं. गावात त्यांना सगळे 'तारांचे डॉक्टर' म्हणायचे. दोन खोल्यांचा दवाखाना. दाराआड खुंटीवर गुंडाळलेला दोर, काउंटरवर डोंगरावरची उंची मोजायचं जुनं यंत्र, टेबलावर झाकणाच्या बाटलीत मूठभर लवंगा. आणि आतल्या खोलीत, भिंतभर फळ्यांवर, प्लॅस्टरचे जबडे. शेकडो. प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव आणि तारीख. मला ते पाहून धडकी भरली. दात आहेत आणि माणसं नाहीत, असं काहीतरी वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तोंड उघडायलाच लावलं नाही. खणातून एक तार काढून हातात दिली. "वाकव. पाहिजे तशी." मी ती बोटांत चुरगळून तिचा गुंता करून टाकला. त्यांनी गरम पाण्याचा पेला पुढे केला, "टाक आत." तार पाण्यात पडली, वळवळली आणि डोळ्यांदेखत उलगडून पुन्हा होती तशी कमानीच्या आकाराची झाली. मी तीनदा करून पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या, शस्त्रास्त्रांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर नावाच्या माणसाच्या हाती लागला, म्हणून त्याच्या 'निटिनॉल' या नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं आहेत. आणि १९७०च्या दशकात जॉर्ज आंद्रियासन नावाच्या त्यांच्याच पेशातल्या माणसानं ती तार लोकांच्या दातांवर आणली. बारा वर्षांच्या मुलीशी ते मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. आई खुर्चीवर अवघडून बसली होती, किती वेळ लागेल, किती फेऱ्या होतील, हे तिला विचारायचं होतं. त्यांनी तिचंही सगळं ऐकलं. पण प्रत्येक उत्तर देताना एकदा माझ्याकडे पाहिलं.

ठसा घ्यायच्या वेळी मला उलटी येईल असं वाटायला लागलं. तो थंडगार, गुळगुळीत गोळा टाळूपर्यंत पसरतो आणि श्वास कुठून घ्यायचा ते सुचत नाही. डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय वर उचल. आणखी वर. आता अंगठा हलव." मी सगळं लक्ष अंगठ्यावर लावलं. "तू आता काय चावते आहेस माहीत आहे? समुद्र. तपकिरी शेवाळापासून काढतात ही पूड. मी पाण्याखाली जातो ना, तेव्हा हेच शेवाळ पायांना लागतं." तोंडात समुद्र धरून मी तिथं पाय हवेत करून बसले होते, आणि ठसा निघाल्यावर त्या ओल्या गोळ्यात माझे दात उलटे, खड्ड्यांसारखे उमटलेले पाहिले तेव्हा पहिल्यांदाच मला ते कुरूप वाटले नाहीत.

मला घाई होती. महिन्यातून एकदा जायचं, ते नवी तार ओवणार, रंगीत रबरं बदलणार, दोन दिवस चावताना दात ठणकणार, आणि आरशात फरक शून्य. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, जरा जास्त आवळा ना. मी सहन करीन." त्यांनी हातमोजा काढला, माझं बोट धरलं आणि नखावर आपला अंगठा दाबला. नख पांढरं पडलं. "बघ. इथलं रक्त गेलं. रक्त नसेल तर कुणी काम करत नाही." मग दाब थोडा कमी केला, तशी नखाखाली हळूहळू गुलाबी कड परत आली. "एवढाच. याच्यापुढे नाही." दात खिळ्यासारखा हाडात ठोकलेला नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मुळाच्या आणि हाडाच्या मध्ये पाव मिलिमीटरचा एक मऊ पडदा असतो, त्यात बारीक तंतू आणि रक्तवाहिन्या असतात. दाताला हलकं रेटलं की पुढच्या बाजूचं हाड विरघळत जातं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात असा हाडातून वाट काढत सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर जास्त झाला तर तो पडदा चिरडतो, रक्त थांबतं आणि दात आहे तिथंच कित्येक आठवडे अडकून बसतो. "जास्त ओढलं की उशीर होतो," ते म्हणाले, आणि मग ते दोन शब्द, जे त्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ होते. "पोले पोले."

स्वाहिली शब्द आहेत. हळूहळू. किलिमांजारोचे वाटाडे चढणाऱ्याला सारखे हेच बजावत असतात.

त्या डोंगराचा फोटो रुग्णाच्या खुर्चीसमोरच होता, म्हणजे तोंड उघडून पडलं की दुसरं काही दिसायचं नाही. पहाटेचा प्रकाश, खाली ढगांचा पसारा आणि त्यातून वर आलेलं काळं, दातेरी शिखर. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हे तुम्ही चढलात?" आणि ते प्रत्येकाला सांगायचे, "नाही. हे मावेन्झी, त्याच डोंगराचं दुसरं शिखर. आम्ही जिथून परत फिरलो तिथून ते असं दिसतं." किती वेळा ऐकलं असेल मी हे. मध्यरात्री निघाले, साडेचार हजार मीटरच्या वर असलेल्या तळावरून. हवेत समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू, बाटलीतलं पाणी गोठलेलं. पहाटेला ५,७५६ मीटरवर, स्टेला पॉइंटला पोचले. तिथून माथा ५,८९५. सोंडेसोंडेनं तासाभराची चाल, अवघड चढ संपलेला. आणि तिथं त्यांचा जुना मित्र झोकांड्या देऊ लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागला. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण. त्यावर खाली उतरणं हा एकच भरवशाचा इलाज. उतरताना तोंड पूर्वेकडे होतं, सूर्य वर येत होता आणि मावेन्झी समोर होतं. फोटो तेव्हाचा आहे. मित्र वाचला. पुढे कधीतरी तोही दवाखान्यात यायचा आणि त्या फोटोखालीच बसून वर्तमानपत्र वाचायचा. त्यांच्यात यावर बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नाही.

बाटलीतल्या लवंगाही त्याच प्रवासातल्या. वर चढताना बरोबरच्या एका हमालाचा दात असह्य ठणकायला लागला होता. उंचीवर हवेचा दाब उतरतो, मग किडलेल्या दातात कोंडलेली हवा फुगते आणि खाली मुळीच न दुखणारा दात तिथं जीव नकोसा करतो. डॉक्टरांच्या पाठपिशवीत झिंक ऑक्साइडची पूड आणि लवंगेचं तेल असायचंच. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, तंबूत गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही कालवून त्या दातात भरलं. डोंगर उतरल्यावर त्या माणसानं कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातावर लवंगा ठेवल्या, झांजिबारच्या. एके काळी जगातली बहुतेक लवंग तिथूनच जायची. बाटली उघडून ते प्रत्येक नव्या मुलाच्या नाकाशी धरत. वर्षं गेली तसा वास पुसट होत गेला असणार, पण मला अजूनही लवंग म्हटलं की ती खुर्ची, तो दिवा आणि उताणं पडल्यावर दिसणारं ते शिखरच आठवतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणालाच नीट सांगितलेलं नाही. मी चौदा वर्षांची असताना ते पुन्हा किलिमांजारोला गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी माझी तार बदलली. तिसऱ्या दिवशी तारेचं मागचं टोक दाढेवरच्या नळीतून सरकून बाहेर आलं आणि गालात रुतलं. बोललं की रुतायचं, गिळलं की रुतायचं. त्यांच्या जागी येणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून पंधरा दिवसांतून एकदाच यायचे, आणि त्यांचा दिवस नुकताच होऊन गेला होता. आई रोज दवाखान्यात फोन करायची. तिथल्या मावशींनी मेण पाठवलं, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं टोक आत दाबायला शिकवलं. मेण तासाभरात निघून यायचं. गालाला आतून पांढरा व्रण पडला. त्याच आठवड्यात शाळेत कवितापाठांतराची स्पर्धा होती. महिनाभर मी तयारी केली होती, तोंडावर हात न धरता लोकांसमोर उभं राहायचं ठरवलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं. मी नाव काढून घेतलं. नऊ दिवस मी घरात जवळजवळ मुकी होते. गावात तेव्हा त्यांच्याबद्दल दोन मतं होती, एक कौतुकाचं आणि एक नावं ठेवणारं, आणि आई त्या नऊ दिवसांत पहिल्या मतातून दुसऱ्यात गेली. "डोंगर काय पळून जाणार होता?" ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. आजही, इतकं सगळं झाल्यावरही, त्या मुलीची बाजू मला सोडवत नाही.

ते परतले त्या दिवशी दवाखान्याची वेळ संपल्यावर आम्हाला बोलावलं. चेहरा उन्हानं सोलवटलेला, ओठ फुटलेले. तार कापली, गालाला औषध लावलं. मग नेहमीच्या उंच फिरत्या स्टुलावर न बसता पाय ठेवायच्या बुटक्या चौरंगावर बसले. त्यामुळे ते मला खालून वर बघत होते. म्हणाले, "चूक माझी आहे. तारेचं टोक मागं दुमडायचं असतं. मी दुमडलं नाही. मला निघायची घाई होती." आई काही बोलणार होती ती थांबली. मी काहीच बोलले नाही. माफ केलं असं म्हणाले नाही, त्यांनीही ते मागितलं नाही. त्यानंतर उपचार संपेपर्यंत प्रत्येक भेटीत काम झालं की ते करंगळी माझ्या गालाच्या आतून, शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत फिरवून पाहायचे. आधी उजवीकडे, मग डावीकडे. हातमोज्याच्या रबराची ती कडवट चव. दुसऱ्या मुलांना ते असं करतात का, हे मी एकदा मैत्रिणीला विचारलं. सगळ्यांना करतात म्हणाली. "पण आधी नव्हते करत."

त्या वेळी ते माथ्यावर पोचले होते. हे मला कितीतरी महिन्यांनी, तेही मावशींकडून कळलं. भिंतीवरचा फोटो बदलला नव्हता.

माझे चार दात काढले होते, चारही निरोगी उपदाढा, जागा करण्यासाठी. त्या आधी मी खूप रडले होते. डॉक्टरांनी मला घाईनं समजावलं नाही. त्यांनी मला भांडण सांगितलं, त्यांच्या शास्त्रातलं सगळ्यात मोठं. एडवर्ड अँगल हा या शास्त्राचा पाया घालणारा माणूस. १८९९ साली त्यानं केलेलं दातांच्या जुळणीचं वर्गीकरण आजही वापरतात, आणि १९०० साली सेंट लुईसमध्ये त्यानं या विषयाची पहिली शाळा काढली. तो म्हणायचा, निसर्गानं दिलेल्या प्रत्येक दाताला तोंडात जागा आहे, एकही काढायचा नाही. चार्ल्स ट्वीड त्याचा लाडका शिष्य. गुरूच्या शब्दाप्रमाणे त्यानं कित्येक वर्षं काम केलं, आणि मग आपल्याच रुग्णांकडे पाहताना त्याच्या लक्षात यायला लागलं की बऱ्याच जणांचे चेहरे पुढे आलेत, दात पुन्हा वाकडे होतायत. अँगल १९३०मध्ये गेला. ट्वीडनं आपल्याच फसलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून घेतलं, त्यांच्या चार उपदाढा काढून सगळं पहिल्यापासून केलं, आणि दोन्ही वेळचे साचे शेजारी शेजारी मांडून आपल्या पेशातल्या लोकांना दाखवले. गुरुद्रोही म्हणून त्याला ऐकून घ्यावं लागलं. "माझ्या कामात तू कुणाच्या बाजूनं?" असं मी त्यांना विचारलं होतं. तेव्हा तोंडात 'तू' गेल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या तोंडात ट्वीडच्या. पुढच्या तोंडात काय ते बघून ठरवीन." पुढे वारं पुन्हा फिरलं. आता डॉक्टर दात काढायला पूर्वीइतके सहज तयार होत नाहीत. इथल्या डॉक्टर म्हणाल्या की आज कदाचित दुसरा मार्ग निघाला असता. निघाला असताही. मी त्या चार जागांवरून जीभ फिरवते तेव्हा तिथं फट नाही, काही नाही. जे गेलं त्याची खूण तोंडात कुठंच उरलेली नाही, आणि याचं मला कधी बरं वाटतं, कधी नाही.

बाकीची साहसं मी ऐकूनच आहे. समुद्राच्या तळाशी उतरणं, पन्नाशीनंतर शिकलेलं ग्लायडर, एकट्यानं केलेले सायकलचे लांबचे प्रवास. गावातली माणसं ती वाढवून सांगायची, प्रत्येक वर्षी डोंगर थोडा उंच आणि शार्क थोडा जवळ यायचा. त्यांना ते आवडायचं नाही. मुलांनी विचारलं तर ते फार तर हान्स मेयरची गोष्ट सांगत, जो १८८७ साली किलिमांजारोवरून परत फिरला, १८८८ साली डोंगराला पोचायच्या आधीच कैद झाला आणि १८८९ साली लुडविग पुर्टशेलरबरोबर माथ्यावर गेला. त्यातही ते पहिल्या दोन वेळांबद्दलच जास्त बोलायचे.

तारा निघाल्या तो दिवस. चिमट्यानं एकेक चकती दातावरून उखडताना कडक्कन आवाज व्हायचा आणि तो कवटीभर घुमायचा. मग जीभ दातांवरून फिरवली तर ती घसरली. ओल्या काचेसारखे दात. मी हसत सुटले, तोंडावर हात न धरता. डॉक्टर मात्र हसण्यात वेळ घालवत नव्हते. नवा ठसा घेतला, नवा साचा केला, आणि दोन दिवसांनी गेले तेव्हा तो साचा समोर ठेवून बसले होते. तीन बारीक मऊ तारा एकत्र धरल्या, टोक चिमट्यात पकडलं आणि पीळ द्यायला लागले, दोरी वळतात तसा. मग ती पिळलेली तार साच्यातल्या खालच्या सहा दातांच्या मागं टेकवून, नखानं आणि चिमट्यानं एकेका दाताच्या उंचवट्याशी बसवत गेले. तार दाताला सहज टेकली पाहिजे, दाबून टेकवावी लागता कामा नये, नाहीतर तीच दाताला ढकलायला लागेल, म्हणाले. तीनदा काढून पुन्हा वाकवली. बाहेर माणसं ताटकळत होती. शेवटी ती माझ्या दातांमागं गोंदानं चिकटवली आणि निळ्या दिव्याखाली धरली. मी विचारलं, "किती दिवस ठेवायची?"

"ठेवता येईल तितके दिवस. हिरड्यांमधले तंतू रबरासारखे असतात, ते ओढत राहतात. आणि ज्यांना कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे दात वयाबरोबर गर्दी करायला लागतात. सुटला की दात आपल्या वाटेनं निघतो, बाळा. त्यात त्याचा दोष नाही."

चार वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. एका मुलाच्या दाताला बारीक तार बांधताना हात थरथरला, दुसऱ्यांदा थरथरला. त्याच आठवड्यात त्यांनी पाटी उतरवली. मग फळ्यांवरचे सगळे साचे खोक्यांत भरले आणि एकेकाला स्वतः फोन करायला लागले, येऊन आपले दात घेऊन जा म्हणून. मलाही फोन आला. आवाज तोच. "तुझे दोन्ही आहेत. आधीचे आणि नंतरचे. ये कधीतरी." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येते. खरंच जायचं होतं. पुढच्या महिन्यात काहीतरी निघालं, मग त्याच्या पुढच्या. मग इतके दिवस झाले की जायचं म्हटलं की आधी उशिराबद्दल काय सांगायचं ते सुचेना, आणि त्यापायी आणखी उशीर झाला. परवा दाताच्या डॉक्टरांना मी "थोडे दिवस थांबू या" म्हणाले तेव्हा माझ्याच कानाला तो आवाज ओळखीचा वाटला. तारांच्या डॉक्टरांनाही मी फोनवर याच सुरात सांगितलं होतं.

गेल्या रविवारी गेले. काकूंनी दार उघडलं. घरात भेटायला आलेली आणखी दोन-तीन माणसं होती, माझ्याच वयाची, त्यांच्याच हाताखालून गेलेली. बोलता बोलता माझी नजर सारखी त्यांच्या खालच्या दातांकडे जात होती. थोडे वळलेले, थोडे चढलेले. पोरवयात सरळ केलेले ते दात चाळिशीत पुन्हा निघाले होते. वाईट वाटलं, आणि ते वाटलेलं बोलायची तिथं सोय नव्हती. काकू मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीशी सतरा-अठरा खोकी होती. "न्यायला न आलेल्यांची. मी कितीदा म्हटलं टाकून देऊ. नको म्हणायचे, कामात असतील, येतील." माझं नाव वरच होतं, पेन्सिलीनं, त्या उभट अक्षरात.

मग त्यांनी खण उघडून एक फोटो दाखवला. लाकडी पाटीशी टोपी, चष्मा आणि मफलरात गुंडाळलेला एक माणूस. "यात ते ओळखूच येत नाहीत," त्या म्हणाल्या. म्हणून लावला नाही का, असं मी विचारलं. त्या जरा थांबल्या. "पहिल्याच्या जागी हा लावू म्हणून मी म्हटलं होतं. त्यांनी खिळ्यावरून पहिला काढलासुद्धा. मग परत अडकवला." फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली नारिंगी तारीख होती. मी मनात मोजली. गालात तार रुतल्याला तो पाचवा दिवस होता, स्पर्धेच्या आदला. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून होते. त्या उंचीवर, त्या थंडीत उभा असलेला माणूस मला आवडत होता आणि त्याच वेळी माझा गाल आतून हुळहुळत होता. शेवटी फोटो काकूंना परत दिला आणि खोकं काखेत धरून निघाले.

काल तार काढून घेतली. डॉक्टरांनी एकेका दातावरचा सुकलेला गोंद घासून काढला, चिमट्यानं तार उचलली आणि टाकून देणार तेवढ्यात मी हात पुढे केला. त्यांनी ती पुसून कापसात गुंडाळून दिली. डावीकडचा एक दात किंचित हलला आहे म्हणाल्या, फार नाही. नवा ठसा घेतला. तपकिरी शेवाळाचा तो गोळा टाळूला लागला तसा माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मला बोलता येत नव्हतं. मी अंगठा हलवत राहिले.

घरी आल्यावर खोकं उघडलं. वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदात दोन जोड्या, प्लॅस्टर जुन्या हस्तिदंतासारखं झालेलं. पहिल्या जोडीतले दात मी विसरले होते. त्या गर्दीकडे पाहून त्या मुलीचा मिटलेला ओठ आठवला. दुसरी जोडी दिव्याखाली घेतली. खालच्या दातांच्या पाठीवर अजून नखांचे बारीक ओरखडे होते, तार बसवताना पडलेले. कापूस उलगडला. दोन बोटांत मावेल एवढी तार, मधे मधे काळी पडलेली, तिचा पीळ बोटाला लागत होता. ती दातांच्या मागं धरली आणि हळूच टेकवली. उजव्या सुळ्यापासून पाच दातांपर्यंत ती दाबावी न लागता बसली. सहाव्यापाशी, सुटलेल्या टोकाला, केसाएवढी जागा राहिली.